बाहेरची बाधा

मनोरा वस्तीत नको, असं नियमच सांगतो.
म्हणून आम्ही इंदूरबाहेर, सोयाबीनच्या मधोमध:
सहा माणसं, एक कुत्रं, शंभर मीटर लोखंड.
जागा ठरवताना आधी माती पाहिली होती म्हणे.
माळव्याची काळी, चिकट, ओल धरणारी.
हिच्यावरून मध्यम लहरी सुखानं चालतात,
खडकावर ठेचकाळतात.
मनोऱ्याच्या पायाशी, वीतभर खोल, चहूकडे
तांब्याच्या एकशेवीस तारा पुरलेल्या.
दर उन्हाळ्यात एखादी चोरीला जाते,
एखादी नांगराला लागते,
मग गेंदालाल कुदळ घेऊन
शीर चाचपावी तसा शेतभर वाकून फिरतो.

त्यानंच एकदा मला कुंपणाशी नेलं.
"साहब, कान लगाओ."
तारेच्या गंजक्या गाठीत
आमचेच बाजारभाव बारीक आवाजात चालले होते:
लसूण, बटाटा, मेथीदाणा.
मी त्याला कारण समजावलं.
त्यानं ऐकून घेतलं, आणि येता-जाता
त्या खांबाला नमस्कार करायचं काही सोडलं नाही.

रात्रीचा नियम वेगळा.
दिवसा आपला आवाज आपल्या मुलखात राहतो,
सूर्य बुडाला की वरचं छत त्याला
कुठल्या कुठं नेऊन टाकतं.
म्हणून सातच्या ठोक्याला शक्ती अर्धी.
दुसऱ्याच्या घरात शिरू नये म्हणून.
वहीत वेळ, आणि सही: रा. गो. झोकरकर.

त्या वर्षी दिवाळीनंतर दोन पत्रं आली.
एक लोकमान्यनगरातून, वि. ना. खासगीवाले, निवृत्त लेखापाल:
"सायंकाळी गायन ऐकताना खाली कुणी पुटपुटतं.
भाषा मराठी असली म्हणून खपवून घेता येणार नाही.
ही बाहेरची बाधा त्वरित काढावी."

दुसरं स्नेहलतागंजचं, साधं कार्ड, मंगला टिपणीस:
"सातला तुमच्या गाण्याखाली एक बाई
समुद्राची बातमी सांगते.
वारा कुठून, लाटा किती,
लहान होड्यांनी निघावं की नाही.
माझं माहेर रेवदंड्याचं. इथं एकवीस वर्षं झाली,
समुद्र कसा आहे, हे कुणी सांगत नाही.
तिला काढणार असाल तर आधी कळवा."

जीपमध्ये मीटर टाकून मी शहरात गेलो.
आपला सिग्नल परक्याच्या वीसपट हवा.
भरला अठरा.
म्हणजे तिकडे किनाऱ्यावर माझ्यासारखाच कुणीतरी
सातचा खटका विसरत होता.
किंवा विसरत नव्हता.
होड्या फार आत गेलेल्या असतील.

फॉर्म भरायला घेतला.
ठिकाण, वेळ, वारंवारता.
बाधा: हानिकारक / अहानिकारक. नको ते खोडा.
इथं पेन थांबलं, आणि कागद चौदा दिवस
पानाच्या डब्याखाली राहिला.
मग गेला. माझ्याच सहीनं.
अठरा म्हणजे वीस नव्हे.

डिसेंबरात खासगीवाल्यांचं आभाराचं पत्र आलं,
दोन पानी.
स्नेहलतागंजहून काही नाही.
कळवायचं राहून गेलं होतं.

शक्ती बदलताना आमचं केंद्र
चार सेकंद गप्प असतं. तेवढी सूट आहे.
एका संध्याकाळी मी तेरा घेतले.
गेंदालाल दारात उभा, हातात चहा.
ट्रान्झिस्टरमध्ये आधी खरखर, मग फार लांबून,
"…उत्तरेकडून, दर्या साधारण…"
आणि आमचा तानपुरा परत आला.

वहीत लिहिलं: खटका अडकला.
त्या वेळी तिचा रेडिओ चालू होता की नाही,
ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.